हिज्कीया राजाचे अंजीर



जून महिना आपण येशूच्या परमपवित्र हृदयाला वाहिलेला आहे. दरवर्षी या महिन्यात मी प्रभूच्या हृदयाविषयी चार शब्द लिहितो. यंदा तुमच्या हृदयाविषयी लिहिणार आहे, म्हणजे छातीत धडधडणाऱ्या, रक्तामांसाच्या हृदयाविषयी. काहींना वाटेल, फादरांनी आता दवाखाना उघडला की काय! तसे नाही. मी डॉक्टर नाही. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान शिकलो, आणि त्या अभ्यासक्रमात कोलेस्टेरॉल नव्हते. पण मागच्या सोंगणीच्या दिवसांत आपल्या धर्मग्रामात एक गोष्ट घडली. तिच्यात थोडा दोष माझाही आहे, म्हणून हे लिहिणे मी माझे कर्तव्य समजतो.

आपल्यातले एक गृहस्थ, वय साठीच्या आत. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा झटका आला. अकोल्याला नेले, अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला. घरी आले ते गोळ्यांची पिशवी घेऊन. त्यात रक्त पातळ ठेवणारी गोळी होती, रक्तदाबाची होती आणि कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन होती. सहा महिन्यांनी रक्त तपासले. ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते एलडीएल आधी १४८ होते, ते ५८ वर आले होते. रविवारी मिस्सा संपल्यावर ते व्हरांड्यात मला भेटले. चेहरा फुललेला. म्हणाले, “फादर, रिपोर नॉर्मल आला. आता कायले खावाच्या गोया?”

आणि मी काय म्हणालो? “देवाची कृपा!” एवढेच म्हणालो. पुढच्या रविवारी त्यांच्यासाठी कृतज्ञतेची मिस्साही केली. गोळी कोणाला विचारून बंद केली, हे मी विचारले नाही. मला विचारायचे सुचलेच नाही.

दीड वर्षाने, सोयाबीन सोंगून गंजी लावण्याच्या दिवसांत, त्यांना दुसरा झटका आला. मी तैलाभ्यंग घेऊन पोचलो तेव्हा १०८ ची गाडी दारात उभी होती. प्रभूच्या दयेने ते वाचले. पण हृदयाचा बराच भाग कामातून गेला आहे. यंदाची पेरणी मुलगा करतो आहे आणि ते धुऱ्यावर खुर्ची टाकून बसतात. हे लिहू का, असे विचारायला मी गेलो तर म्हणाले, “लिहा ना फादर. नाव नका टाकू. तसंबी सर्व्याईले मालूमच हाय.”

गोळी चालू असती तर दुसरा झटका आलाच नसता, असे मी म्हणणार नाही. तसे डॉक्टरही म्हणत नाहीत. पण गोळी बंद केल्यावर त्यांचे एलडीएल पुन्हा १५० च्या घरात गेले होते, हे दवाखान्यातल्या कागदावर स्पष्ट आहे.

त्या दिवशी व्हरांड्यात आम्हा दोघांना जे कळले नव्हते ते आधी सांगतो. रिपोर्टवर ५८ आला तो गोळीमुळे आला होता. गोळी काढली की काही आठवड्यांत आकडा जुन्या जागी जातो. धरणाची भिंत आहे म्हणून गावात पूर येत नाही. पूर येत नाही म्हणून भिंत पाडली तर काय होईल? दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. रिपोर्टच्या उजव्या बाजूला ‘नॉर्मल’ म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो सर्वसाधारण माणसासाठी असतो. ज्याला एकदा झटका येऊन गेला, ज्याच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे, त्याचा नॉर्मल वेगळा. कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत अशा अतिजोखमीच्या रुग्णाचे एलडीएल ५५ च्या खाली हवे असे म्हटले आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या जास्त जोखमीच्या माणसाचे ७० च्या खाली, आणि ज्याला फारशी जोखीम नाही त्याचे १०० च्या खाली. म्हणजे एकाच बाकावर बसलेल्या तिघांचा रिपोर्ट ९५ आला, तर एकाचा चांगला, दुसऱ्याचा जास्त आणि तिसऱ्याचा धोक्याचा. छापील आकडा पाहून आपला निवाडा आपणच करू नये. आणि आमचे हे गृहस्थ, नीट पाहिले तर, ५८ वरही अजून पुरते खाली आले नव्हते!

या दुखण्याचा खोडसाळपणा असा की ते दुखत नाही. कोलेस्टेरॉल वाढले म्हणून कुणाचे डोके दुखत नाही, ताप येत नाही, भूक जात नाही. रक्तातले जास्तीचे एलडीएल वर्षानुवर्षे रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, तिथे चरबीचा थर धरतो, आणि एके दिवशी त्या थराला तडा जातो. तिथे रक्ताची गुठळी होते आणि वाट बंद पडते. वीस वर्षे गुपचूप चाललेले काम एका सकाळी उघड होते. आपल्या भागातल्या शेतकऱ्याला हे समजायला अवघड नाही. सोयाबीन पेरण्याआधी आपण बियाण्याला बीजप्रक्रिया करतो ना? तेव्हा दाण्यावर रोग दिसत असतो का? दाणा टपोरा, पिवळा, स्वच्छ असतो, तरी औषध लावतो. कारण रोप पिवळे पडल्यावर लावून उपयोग नाही, हे अनुभवाने शिकलो आहोत. बियाण्याच्या बाबतीत जे कळते ते स्वतःच्या देहाच्या बाबतीत का कळत नाही, याचे मला नवल वाटते. खरे तर नवल वाटू नये. आपल्याकडे म्हणच आहे, कळते पण वळत नाही. अ‍ॅरिस्टॉटलने या एका गोष्टीवर आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथातला सातवा भाग बराचसा खर्च केला आहे. आम्ही विद्यार्थी त्यावर तावातावाने वाद घालायचो आणि मग जेवायला जाऊन दुसऱ्यांदा तळलेले वाढून घ्यायचो.

आता श्रद्धेकडे येतो, कारण गोळी बंद करणाऱ्यांपैकी काही जण माझ्याजवळ श्रद्धेचे कारण सांगतात. “फादर, माझा प्रभूवर विश्वास आहे, मला गोळीची गरज नाही.” हे ऐकायला फार चांगले वाटते. पण पवित्र शास्त्र काय सांगते ते पाहा. राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकात विसाव्या अध्यायात हिज्कीया राजाची कथा आहे. यशयाच्या अडतिसाव्या अध्यायातही ती आली आहे. राजा मरणपंथाला लागला होता. संदेष्ट्याने येऊन सांगितले की आता घरची निरवानिरव कर. राजाने भिंतीकडे तोंड फिरवले, रडला, प्रार्थना केली. परमेश्वराने ती ऐकली आणि त्याचे आयुष्य पंधरा वर्षांनी वाढवले. इथपर्यंतची कथा आपण पुष्कळदा ऐकतो. पुढचे एक छोटे वाक्य मात्र आपण गाळतो. यशयाने अंजिराचा लेप आणायला सांगितला, तो राजाच्या गळवावर बांधला, आणि राजा बरा झाला.

मला या अंजिरांनी बराच काळ कोड्यात टाकले होते. देवाने वचन दिलेले आहे, पंधरा वर्षे पक्की आहेत, मग लेप कशाला? आणि लेपानेच बरे व्हायचे होते तर प्रार्थना कशाला? पण शास्त्राला यात काहीच अडचण दिसत नाही. ज्या देवाने प्रार्थना ऐकली त्याच देवाने अंजीर निर्माण केले. राजाने अंजीर परत पाठवले असते तर तो त्याच्या विश्वासाचा पुरावा ठरला असता का? माझ्या मते तो हट्ट ठरला असता. सैतानाने येशूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाकायला सांगितले, तेव्हाही भाषा विश्वासाचीच होती, आणि त्यासाठी शास्त्रातले वचनही काढून दाखवले होते. प्रभूने उडी टाकली नाही. पायऱ्या असताना उडी टाकणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणे, हे त्याने ओळखले होते. स्टेंट बसलेल्या माणसाने गोळी फेकून ‘प्रभू पाहून घेईल’ म्हणणे मला त्या शिखरावरच्या उडीसारखे वाटते.

बेनसिराच्या पुस्तकात अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखायला सांगितले आहे, आणि औषधे देवाने भूमीतून निर्माण केली, शहाण्याने त्यांचा कंटाळा करू नये, अशा अर्थाचे सांगितले आहे. ही कोलेस्टेरॉलची गोळी कुठून आली ते ऐका. जपानमध्ये अकिरा एंडो नावाचे एक संशोधक होते, शेतकऱ्याच्या घरी जन्मलेले. लहानपणापासून त्यांना बुरशीची आवड. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा हजारांवर सूक्ष्मजीव एकामागून एक तपासले आणि १९७३ मध्ये तांदळावर आलेल्या एका निळसर-हिरव्या बुरशीत त्यांना हवे ते सापडले. यकृत जिथे कोलेस्टेरॉल तयार करते तिथेच लगाम घालणारे द्रव्य. आज ज्यांना स्टॅटिन म्हणतात त्या सगळ्या गोळ्यांची ती सुरुवात. एंडो २०२४ च्या जूनमध्ये नव्वदाव्या वर्षी वारले. आपल्या घरात तांदळाला बुरशी लागली तर आपण तोंड वाकडे करून उकिरड्यावर टाकतो. देवाने त्या बुरशीत काय ठेवले होते!

आता एक कठीण प्रश्न. गोळी घेतल्याने मला काय मिळाले, हे दिसत का नाही? ताप उतरलेला कळतो, जखम भरलेली दिसते. इथे काहीच दिसत नाही. १९९४ मध्ये उत्तर युरोपातल्या देशांत झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. हृदयविकाराचे ४,४४४ रुग्ण. निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन ही गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. पाच वर्षांहून थोडा जास्त काळ लोटला. औषधाविनाच्या गटात २५६ जण मरण पावले होते, औषधाच्या गटात १८२. फरक ७४ जणांचा. हे ७४ जण घरी राहिले, मुलाबाळांत जेवले, चर्चला गेले असतील. पण त्यांच्यातल्या एकालाही आपण त्या ७४ मधले आहोत हे कळणे शक्य नव्हते. जो झटका आला नाही तो कुणी पाहत नाही, आणि न आलेल्या झटक्यासाठी कुणी कृतज्ञतेची मिस्सा सांगायला येत नाही. देवाची बरीचशी कृपा अशीच न दिसता होऊन जाते, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

काही जणांची तक्रार खरी असते. गोळीने अंग दुखते, पिंडऱ्या भरून येतात. स्नायूंचा त्रास काहींना होतो, क्वचित मोठाही होतो. साखरही काहींची थोडी वाढते. म्हणून तक्रार मनात ठेवू नये, डॉक्टरांना सांगावी. ते मात्रा कमी करतात, गोळी बदलतात, इझेटिमाइबसारखी दुसरी गोळी जोडतात. पण एक मौजेची गोष्ट सांगतो. लंडनच्या इंपिरियल कॉलेजच्या संशोधकांनी त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० लोकांना बाटल्या दिल्या. काही महिने खरी गोळी, काही महिने खोटी, काही महिने बाटली रिकामी, आणि कोणत्या बाटलीत औषध आहे ते सांगितले नाही. निष्कर्ष २०२० मध्ये आले. खऱ्या गोळीच्या महिन्यांत जितका त्रास झाला, त्याच्या सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला! त्रास खोटा नव्हता, दुखत होतेच. पण बहुतेक दुखणे औषधाच्या भीतीतून येत होते. हे समजल्यावर त्यांच्यातल्या निम्म्या लोकांनी पुन्हा गोळी सुरू केली. शेजाऱ्याने ‘त्या गोळीने किडनी जाते’ म्हणून सांगितले असेल, तर हे लक्षात ठेवा.

खाण्याविषयी बोलणे जरा जोखमीचे आहे, कारण जेवायला मी तुमच्याच घरी येतो. शुक्रवारी आपण मटण वर्ज्य करतो आणि त्याऐवजी भजी तळतो; यकृताला यातले प्रायश्चित्त कळत नाही. रोडग्यांवर तुपाची धार, रश्श्यावर बोटभर तर्री, आणि स्टँडवरची एकाच तेलात सकाळपासून तळली जाणारी कचोरी, हे स्टेंटवाल्याने सणापुरते ठेवावे. डालड्यातली घातक चरबी कमी करण्यासाठी २०२२ पासून कायद्याने २ टक्क्यांची मर्यादा आहे, तरी तेच तेल पुन्हापुन्हा तापवणे आपल्या हातात आहे. आपल्या आज्यांचे जेवण काय होते? ज्वारीची भाकर, अंबाडीची भाजी, जवसाची चटणी, तुरीचे वरण. तेच डॉक्टर आता कागदावर लिहून देतात. तंबाखूचे तर बोलायलाच नको. खर्रा तोंडात ठेवून चर्चच्या पायरीवर उभे राहणारे कोण ते मला ठाऊक आहे.

पण केवळ पथ्याने सगळे भागते असे समजू नका. कोलेस्टेरॉलचा मोठा वाटा आपले शरीर स्वतःच बनवते, ताटातून थोडाच येतो. म्हणून पथ्याने आकडा काही प्रमाणात उतरतो, अर्ध्यावर सहसा येत नाही. आपल्या विदर्भातलेच डॉ. अभय बंग यांना वयाच्या ४४ व्या वर्षी हृदयविकार झाला. निर्व्यसनी माणूस, गांधीविचारात वाढलेला, गडचिरोलीत लोकांच्या आरोग्यासाठी झटणारा, स्वतः डॉक्टर. ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ हे त्यांचे पुस्तक तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. त्यातला आहार, ध्यान, जगण्याचा नवा विचार मलाही मोलाचा वाटतो. पण पुस्तक वाचून काही जण ध्यान तेवढे घेतात आणि दवाखाना गाळतात. हिज्कीयाचे अंजीर गाळतो तसेच हे. चांगल्या, साध्या माणसालाही हे दुखणे गाठते, एवढे तरी त्या पुस्तकातून घ्यावे. ५२ देशांत झालेल्या एका अभ्यासात, २००४ साली, असे दिसले की दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, इतरांना ५९ च्या आसपास. सहा वर्षे आधी. मुलीचे लग्न व्हायचे असते, पीककर्ज फिटायचे असते, त्या वयात.

माझ्या भगिनींसाठी वेगळे सांगतो. घरातल्या पुरुषाच्या गोळीची वेळ तुम्हाला पाठ असते. स्वतःचे रक्त कधी तपासले ते आठवत नाही. बाईला झटका येतो तेव्हा छातीत कळ येईलच असे नाही. दम लागतो, जबडा दुखतो, मळमळते, आणि ती पित्त म्हणून सोडा पिऊन स्वयंपाकाला लागते. असे करू नका.

माझेही सांगतो, नाहीतर फादर दुसऱ्यांनाच सांगतात असे होईल. त्या गृहस्थांना अकोल्याला पोचवून आल्यावर मी माझे रक्त तपासले. एलडीएल १७१. माझे वडील बावन्नाव्या वर्षी हृदयविकारानेच गेले. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करा. मी म्हणालो, आधी तीन महिने चालून पाहतो. चाललो किती? पाऊस होता, पाहुणे होते, नाताळ आला, करंज्या आल्या. तीन महिन्यांनी १६६! आता रोज रात्रीच्या प्रार्थनेनंतर गोळी घेतो.

तेव्हा इतके करा. आशाताई तुमच्याकडे येऊन रक्तदाब आणि साखर पाहून गेल्या, म्हणजे कोलेस्टेरॉल तपासले गेले असे नव्हे. ते वेगळे सांगून करून घ्यावे लागते. पहिल्या तपासणीला बहुतेकांना उपाशीपोटी जाण्याची गरज उरलेली नाही. ज्यांच्या वडिलांना वा भावाला पंचावन्नच्या आत, किंवा आईला वा बहिणीला पासष्टच्या आत झटका आला, त्यांनी वाट पाहू नये, तरुण मुलांनीही. खर्चाची चिंता असेल तर डॉक्टरांना जनऔषधी केंद्रातली गोळी चालेल का ते विचारा. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे, फार महाग नाही. पैसे वाचवायला एक दिवसाआड घेणे किंवा नवरा-बायकोने अर्धी अर्धी वाटून घेणे, हे मी आपल्याच घरांत पाहिले आहे. त्यापेक्षा मला येऊन सांगा, सेंट व्हिन्सेंट डी पॉल मंडळाची पेटी त्यासाठीच आहे. गरोदर भगिनींनी, किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल त्यांनी, ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लसूण, मेथी, अर्जुनाची साल घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, लपवू नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत १ जुलै २०२४ पासून राज्यातल्या कोणत्याही रेशनकार्डाच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. अँजिओप्लास्टी त्यात होते. पण त्यानंतर रोज रात्री गोळी तोंडात टाकण्याचे काम कोणतीही योजना करत नाही.

पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांना ख्रिस्तशरीर देण्यासाठी घरोघर येतो, ते तुम्हाला माहीत आहेच. या महिन्यापासून कम्युनियन दिल्यावर मी गोळ्यांचे पाकीट दाखवायला सांगणार आहे. किती उरल्या ते मोजीन. राग मानू नका. मागच्या शुक्रवारी त्या धुऱ्यावरच्या गृहस्थांकडून सुरुवात केली. त्यांनी पाकीट माझ्या हातात दिले, आणि म्हणाले, “तुमचं कुठी हाय फादर? तेबी दाखवा.”

मी ते मिशनवर विसरून आलो होतो. परत जाऊन, त्यांना दाखवून, मग पुढच्या घरी गेलो.

प्रभूमध्ये तुमचा,
धर्मगुरू